विहीर घरात ठेवा

अण्णांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, गावं राहत. काउंटरसमोर कुणी येऊन बसलं की पासपोर्ट उघडायच्या आधी ते "गाव कुठलं?" म्हणून विचारायचे, आणि मग तो माणूस त्यांच्यापुरता त्या गावाच्या नावाचाच होऊन जायचा. "या उचगाव, बसा. ओ निपाणी, तुमचा व्हिसा आलाय बघा." मी रोज येळ्ळूरहून स्कूटीवर त्यांच्या ऑफिसात नोकरीला यायचे, म्हणून मी येळ्ळूर. "येळ्ळूर, फॅन वाढव गं जरा." बायकोलासुद्धा ते माहेरच्या गावानंच हाक मारायचे. लग्नाला तीसेक वर्षं होऊन गेली तरी ती बाई घरात जांबोटीच होती. लोकांना याची फार गंमत वाटायची. मलाही सुरुवातीला वाटायची.

त्यांच्याबद्दल चांगलं लिहायचं म्हटलं तर पुष्कळ आहे, आणि मला झोंबतं ते तेच. वाईट माणूस सगळीकडून वाईट असला की बरं असतं, एकदा शिवी घालून मोकळं होता येतं. अण्णा तसे नव्हते.

ऑफिस बेळगावच्या खडेबाजारातल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. विमानाची तिकिटं, व्हिसाची कामं आणि परदेशी चलन. त्याआधी ते बँकेत कारकून होते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन हा धंदा मांडला होता. बँकेतला बिनबाह्यांचा करडा स्वेटर मात्र त्यांनी सोडला नव्हता, भर मे महिन्यातसुद्धा तो अंगात असायचा. दारावरचा बोर्ड कन्नडात, आतलं बोलणं मराठीत. कुणी सीमाप्रश्नावरून त्या बोर्डाबद्दल छेडलं की म्हणायचे, "बोर्ड सरकारला वाचायला लावलाय. तुम्हाला वाचायला मी हाय की." गिऱ्हाईक हसायचं आणि बसायचं. त्यांना माणूस बसवून घेता यायचा.

आमच्याकडं कुठल्याही कार्डाला एटीएम म्हणतात. "माझं एटीएम हरवलं," "तुझं एटीएम दे जरा," "एटीएमवर सामान घेतलं." येळ्ळूरपासून निपाणीपर्यंत हेच. अण्णांना हा शब्द ऐकला की दात कळवळल्यासारखं व्हायचं. एकदा उचगावचे शेतकरी अभ्यासदौऱ्यावर परदेशी निघाले होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या आप्पांनी खिशातून बँकेचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "एटीएम हाय की माझ्याकडं. आणि दुसरं कशाला?"

अण्णांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "उचगाव, एटीएम म्हणजे भिंतीतलं मशिन. ते मावतंय काय तुमच्या खिशात?"

"न्हाय की."

"मग हातात हाय ते कार्ड. आणि कार्डं दोन जातीची असत्यात." टेबलाजवळच्या खिळ्याला त्यांनी भोकं पाडलेली दोन जुनी कार्डं सुतळीनं अडकवून ठेवली होती. ती काढली. "हे बघा. हे डेबिट. हे तुमच्या खात्याला जोडलेलं असतंय. म्हणजे ही तुमची विहीर. जगात कुठंबी जावा, दोर टाका, पाणी तुमच्याच विहिरीचं. पण दुसऱ्या कुणी चोरून दोर टाकला तरी पाणी तुमच्याच विहिरीचं. तळ दिसेपर्यंत उपसून न्हेतंय. आणि हे दुसरं, प्रवासाचं. प्रीपेड. आधी भरायचं, मग वापरायचं. ह्याला तुमचं खातं-बितं काय जोडलेलं न्हाय. मी हितं बसून ह्यात डॉलर ओतणार, तेवढंच त्यात. हा हंडा. चोरीला गेला तर हंडाभर जाईल, विहीर ऱ्हाईल."

"आणि डॉलर म्हाग झाला तर?"

"हंडा भरला त्या दिवशीचा भाव. मग तितं डॉलर कितीबी चढू दे, तुम्हाला काय न्हाय. उरलेलं पाणी परत आणा, मी रुपयं करून देतो. हां, हॉटेलवाले डिपॉझिट म्हणून थोडं अडवून धरत्यात, तेवढी जागा ठेवायची. आणि डॉलरचा हंडा डॉलर नसलेल्या देशात वाकवायचा न्हाय, बदलून द्यायचं म्हणून वरनं कापून घेत्यात."

"मग करायचं काय?"

"हंडा घेऊन जायाचं. विहीर घरात ठेवायची."

आप्पा विचार करत बसले. मग म्हणाले, "आणि हंडा तितंच रिकामा झाला तर वो?"

अण्णा इतके खूष झाले की त्यांनी आप्पांसाठी खालून स्पेशल चहा मागवला. "शाबास उचगाव! एवढी शिकलेली माणसं येत्यात, कोण ह्ये विचारत न्हाय. रिकामा झाला तर मला फोन लावायचा. भरायला मी हाय की हितं."

हे भाषण मी किती वेळा ऐकलं याला गणती नाही. वकील, डॉक्टर, तंबाखूचे व्यापारी, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया, सगळ्यांना तेच. आणि नुसतं ऐकून चालायचं नाही. शेवटी सुतळीवरचं एक कार्ड वर धरून विचारायचे, "हे कुठलं?" चुकीचं उत्तर आलं की परत पहिल्यापासून. निपाणीचे एक व्यापारी यावरून चिडून उठून गेले होते. "मी काय शाळंत आलोय काय?" म्हणाले. आठवड्याभरानं परत आले, खुर्चीत बसले आणि न विचारताच म्हणाले, "हंडा."

याच व्यापाऱ्यांची बायको पुढं सिंगापूरला गेली होती, महिला मंडळाबरोबर. हॉटेलनं डिपॉझिट अडकवलं, खरेदी जास्त झाली, कार्ड आटलं. तिनं घाबरून अण्णांना फोन केला तो नेमका गणेश चतुर्थीच्या दुपारी. अण्णा घरी आरतीला उभे होते. ते तसेच निघाले, नेसलेला पूजेचा कद, वर तो करडा स्वेटर, आणि स्कूटरवरून खडेबाजारात. मलाही येळ्ळूरहून बोलावून घेतलं. ताटावरून उठून गेले होते मी. कॉम्प्युटर चालू केला, कार्ड भरलं, पलीकडून त्या बाईंना पैसे दिसले असं ऐकलं, तेव्हा कुठं ते खुर्चीत टेकले. "परक्या मुलखात बाईमाणूस हाय," मला म्हणाले, "हंडा रिकामा घेऊन उभी ऱ्हायली असंल. असं करून चालत न्हाय, येळ्ळूर." त्या दिवशी मला त्यांचा खरोखर अभिमान वाटला. घरी जाऊन आईला मी तसं सांगितलंही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अण्णा खोटं बोलत नसत. बाजारात त्यांची तशी ख्यातीच होती. समोरच्या ऑफिसात पौंडाचा भाव आपल्यापेक्षा बरा असला तर गिऱ्हाइकाला स्वतः सांगायचे, "तिकडं जावा आज." मी कपाळाला हात लावायचे. ते म्हणायचे, "विचारलंय त्यानं. विचारल्यावर खरं सांगायला नको?"

स्वतः मात्र ते गोव्याच्या पलीकडं गेले नव्हते. पासपोर्ट होता, मुदत संपली की नवा करून घ्यायचे, आणि तोही कोराच राहायचा. मी एकदा विचारलं, "अण्णा, तुम्ही कवा जाणार?" तर म्हणाले, "गेल्यावर मागं कोण भरणार?"

त्यांना दोन मुलं. मुलगा मोठा. पदवीला दोनदा बसून उठलेला, मग कधी गाड्यांचं, कधी मोबाइलचं असं काहीतरी करत फिरणारा. पोरगा वाईट नव्हता, पण कष्ट म्हटलं की त्याला कुठंतरी दुसरीकडं काम निघायचं. त्याच्या खिशात अण्णांच्या खात्याचं डेबिट कार्ड असायचं. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसूच आलं. सगळ्या जिल्ह्याला विहीर जपायला सांगणाऱ्या माणसाची विहीर पोराच्या पाकिटात! मी थट्टेनं विचारलं, "अण्णा, ह्याला का हंडा न्हाय?" ते न हसता म्हणाले, "पोरगा हाय त्यो. त्याला कशाला मापून द्यायचं? सगळं त्याचंच हाय."

मुलगी धाकटी. हुशार आणि हट्टी. अन्नप्रक्रियेचं शिक्षण तिनं इथं मार्कं मिळवून पुरं केलं आणि इंग्लंडातल्या एका विद्यापीठात वर्षभराच्या कोर्सला स्वतःच अर्ज करून जागा मिळवली. घरात महिनाभर धुसफूस चालली. अण्णा नाही म्हणाले नाहीत. नाही कसं म्हणतील, दुसऱ्यांच्या पोरींची तिकिटं ते रोज काढत होते. गल्लीत आणि नात्यात त्यांच्या मोठेपणाला धक्का लागला असता. अर्धी फी त्यांनी इथूनच भरली. दुसरा हप्ता नाताळनंतर भरायचा, तो अण्णांनी तिच्या प्रवासाच्या कार्डात इथून पौंड भरायचे आणि तिनं तिथं द्यायचा असं ठरलं. तो वेळेत भरला नाही तर नाव कमी होणार आणि व्हिसाही जाणार, हे मुलीनं त्यांना दोनदा समजावलं होतं. माझ्यासमोर समजावलं होतं, म्हणून मला माहीत.

ती निघाली त्या दिवशी मी बसस्टँडवर गेले होते. सामान चढवून झालं आणि अण्णांनी हात पुढं केला. "पर्स बघू." तिच्या पर्समधून त्यांनी तिचं बँकेचं कार्ड काढलं आणि स्वेटरच्या आत, शर्टाच्या खिशात घातलं.

"बाबा, ऱ्हाऊ दे की. अडीनडीला दोन्ही असू देत."

"सगळ्या बेळगावला मी काय सांगतो? हंडा न्ह्यायचा, विहीर घरात ठेवायची. माझ्याच घरात उलटं व्हायचं काय?"

आजूबाजूची माणसं हसली. तीही हसली, वाकून पाया पडली आणि गेली. तिच्या त्या खात्याला पहिल्यापासून अण्णांचा मोबाइल नंबर जोडलेला होता. सगळे मेसेज, सगळे आकडे त्यांच्या फोनवर यायचे. कॉलेजात असताना उघडलेलं खातं, कोण बदलत बसतंय.

नाताळ झाला आणि तिचे ऑफिसच्या नंबरवर फोन यायला लागले, कारण अण्णा मोबाइल उचलत नव्हते.

"ताई, बाबांना सांग ना. कार्ड भरलं न्हाय अजून. फीची तारीख जवळ आली."

मी काउंटरवरून ओरडून सांगायचे. अण्णा मान न वळवता म्हणायचे, "भरतो म्हणावं. पौंड लई चढलाय. रेट उतरू दे जरा."

हे उत्तर ऐकून मला काही वावगं वाटलं नाही. रेट बघून भरणं ही त्यांची रीतच होती. परत फोन. "रेट उतरू दे." परत फोन. या वेळी ती रडत होती. एका खानावळीत भांडी घासायचं काम धरलंय, खोलीचं भाडं त्यातनं निघतं, पण फी निघत नाही, असं तिनं सांगितलं. मी फोन तसाच अण्णांच्या कानाला नेऊन लावला. ते तिच्याशी फार मायेनं बोलले. "कशाला रडालीस? मी हाय न्हवं? रेट उतरला की त्याच दिवशी." फोन ठेवून त्यांनी मला पौंडाचा भाव बघायला सांगितला. मी बघितला. उतरला होता. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "आणि उतरंल."

कार्ड भरायचा पासवर्ड त्यांच्याकडं होता, पैसे त्यांच्या खात्यातले होते. मी मुलीला खरं ते कळवलं, की तू मैत्रिणींकडं बघ, इथलं काही दिसत नाही. त्यावर तिचं उत्तर आलं, की आता नको, आईचा फोन आला होता, सगळं झालं, काळजी करू नको म्हणाली. म्हणजे बाबा भरणार. मला बरं वाटलं. मग तिनं मैत्रिणींकडं शब्द टाकलाच नाही. ती वाट बघत राहिली, आणि तारीख गेली.

उन्हाळ्याच्या आधीच ती परत आली. अण्णांनी त्या दिवशी ऑफिसात पेढ्यांसारखा कुंदा वाटला. मी हात पुढं केला नाही, तर बॉक्स टेबलावर ठेवून म्हणाले, "घे की येळ्ळूर. अगं, हंडा रिकामा झाला की माणूस घराकडं वळतंय." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खोटं पाणी नव्हतं ते. पोरगी परत आली याचा त्यांना खरा आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची मला अशी काही चीड आली की तो बॉक्स उचलून खालच्या गल्लीत भिरकावावा असं वाटलं. पण पुरावा काय होता? रेट उतरायची वाट बघत होते, एवढंच ते म्हणणार.

त्यांच्या बायकोला आम्ही आक्का म्हणायचो. सालस बाई, कधी कुणाला टाकून बोलली नाही. पण लेक परत आल्यावर आक्कांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. ऑफिसात डबा घेऊन आल्या की मला म्हणायच्या, "एवढं पैसं घातलं पोरीला. कुठं उडवलं कुणाला ठावं. पोरगी माझी अशी नव्हती गं." आणि मुलगी मला एकटीला गाठून म्हणायची, "आई मला उधळी म्हणतेय ताई. वर्षाचं पैसं सहा महिन्यांत संपवलं म्हणतेय. मला दिलंच होतं तेवढं." मी दोघींचं ऐकून घ्यायचे. आक्का अण्णांनी सुरुवातीला भरलेल्या पैशांबद्दल बोलतायत असंच मला वाटायचं. लेकीलाही तसंच वाटायचं.

मग तिचं लग्न झालं. घाईनं, निपाणीत. घर चांगलं, माणसं बरी, पण तिला नोकरी करू देणार नव्हते, आणि तिनंही आता हट्ट केला नाही. लग्नानंतर तिचा ऑफिसात पहिला फोन आला तेव्हा अण्णांनी तो उचलला आणि मोठ्यानं हसत म्हणाले, "काय निपाणी? काय म्हणतंय सासर?" मी समोरच बसले होते. त्यांच्या पोटच्या पोरीलाही आता गावाचं नाव मिळालं होतं. तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

पुढच्या वर्षी जांबोटीहून आक्कांचा भाचा दुबईला कामाला निघाला. त्याची कागदपत्रं घेऊन आक्का स्वतः आल्या. अण्णा आत पार्टिशनमागं जेवत होते. समोर बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. आक्कांनी भाच्याचा पासपोर्ट दिला आणि पिशवीतून त्याचं बँकेचं कार्ड काढून माझ्यापुढं ठेवलं.

"ह्याचं एटीएम भरायचं हाय गं. तू भरतेस, का मीच मशिनमधी घालून येऊ? मागच्या बारीला घातलं होतं तसं?"

"मागच्या बारीला म्हणजे?"

"आमच्या पोरीचं न्हवं काय? तिकडं होती तवा."

मी हातातलं काम ठेवलं. "आक्का, नीट सांगा. काय केलतासा तुम्ही?"

आक्कांनी सांगितलं, अगदी साधेपणानं. लेक फोनवर रडायची, आणि हे रेट रेट करत बसायचे. मग त्यांनी आपल्या पाटल्या मोडल्या. माहेरच्या होत्या, जांबोटीहून आणलेल्या. लेकीचं एटीएम कपाटात होतं. त्याच्यावर तिचं नाव होतं, आणि पैसे कसे काढायचे-घालायचे ते लेकीनंच पूर्वी शिकवून ठेवलं होतं. त्या बँकेच्या मशिनवर गेल्या आणि तिथल्या वॉचमनच्या मदतीनं सगळे पैसे त्यात घातले.

"संध्याकाळी ह्यांना सांगितलं. फोनवर बघून सांगा म्हणलं, पोरीला पैसं पोचलं काय. ह्यांनी बघितलं. पोचलं म्हणाले. आणि म्हणाले, पाटल्या मोडल्याचं पोरीला सांगू नगो, जिवाला लावून घेईल, अभ्यासात लक्ष लागायचं न्हाय. म्हणून मी तिला एवढंच म्हणलं, झालं सगळं, काळजी करू नगो."

खिळ्यावरची ती सुतळी काढून आक्कांना कार्डं दाखवायचं धाडस मला झालं नाही. मी तोंडानंच सांगितलं, की आक्का, ते कार्ड वेगळं आणि पोरीजवळचं वेगळं. तुम्ही घातलेत ते तिच्या इथल्या खात्यात गेले. तिच्या हातातलं कार्ड त्या खात्याला जोडलेलंच नव्हतं. ते इथून, ह्या कॉम्प्युटरवरून भरावं लागतं. तिला एक पैसाही मिळाला नाही. पैसे आले होते हेसुद्धा तिला कळलं नाही, कारण मेसेज अण्णांच्या फोनवर येतो.

आक्कांनी पहिल्यांदा ऐकलं, मग परत एकदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः म्हणून बघितलं. "म्हणजे पोरीनं पैसं उडवलं न्हाईत."

"न्हाईत आक्का. तिला मिळालंच न्हाईत."

अण्णा हात पुसत बाहेर आले. आक्का वळल्या. त्या माणसासमोर आक्का आवाज चढवतील असं मला वाटलं नव्हतं, आणि त्यांनी चढवलाही नाही.

"कार्डं दोन वेगळी असत्यात, व्हय?"

"असत्यात की," अण्णा म्हणाले. बाकावरच्या गिऱ्हाइकांकडं बघून हसले. "ह्या येळ्ळूरला विचार."

"मी मशिनमधी घातलं ते पोरीला मिळत न्हाईत, हे तुम्हाला ठावं होतं?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग टॉवेल नीट घडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "तू विचारलंस कुठं मला?"

उचगावच्या आप्पांना न विचारता तासभर सांगणारा माणूस. वकिलांना, डॉक्टरांना खुर्चीत डांबून सांगणारा माणूस.

"विचारलं होतं," आक्का म्हणाल्या. "पोचलं काय म्हणून विचारलं होतं. तुम्ही पोचलं म्हणालासा."

"मग पोचलंच की. खात्यात पोचलं. मी खोटं बोललो काय?"

बाकावरचं गिऱ्हाईक चुळबुळायला लागलं. मी न राहवून विचारलं, "आणि मग ते पैसे?"

"पोराच्या नव्या दुकानाला डिपॉझिट द्यायचं होतं, त्याला काढून दिलं," अण्णा मला म्हणाले, अगदी समजुतीच्या सुरात. "पैसं घरातच हायत, कुठं गेल्यात? आणि पोरगी सुखात हाय का न्हाय आज? तितं भांडी घासत होती." मग म्हणाले, "एकदा गेली असती तर परत आली नसती गं ती."

मला वाटतं, हे शेवटचं वाक्य त्यांचं सगळ्यात खरं होतं, आणि त्यासाठी मी त्यांना माफ करावं असं त्यांना वाटत असावं. मी केलेलं नाही. लेकीवर माया असलेला माणूस तिला परत आणायला हजार गोष्टी करतो. हा माणूस तिच्या आईला तिच्यापासून तोडून, आईच्याच तोंडून तिला उधळी म्हणवून घेऊन, वर्षभर शांतपणे डबा खात बसला होता. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर गेले नाही. ते अजून त्याच खुर्चीत बसतात, तेच शिकवतात. लोक अजून त्यांना देवमाणूस म्हणतात, आणि सिंगापूरच्या त्या बाईंना विचारलं तर त्याही तेच म्हणतील.

त्या दुपारी आक्कांनी अण्णांना पुढं काही विचारलं नाही. भाच्याची कागदपत्रं पिशवीत भरली, जिना उतरून खाली आल्या. मी मागोमाग गेले. गल्लीत, पानपट्टीच्या बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "तुझ्या फोनवरनं लाव. माझा नंबर बघून ती उचलायची न्हाय."

मी निपाणीला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. लेकीनं उचलला. आक्का एका दमात बोलल्या, मधे श्वाससुद्धा न घेता: पाटल्या, मशिन, वॉचमन, बाबा काय म्हणाले, तुला का सांगितलं नाही. "मी पाठवलते गं. तुझी आन. तुला उधळी म्हणलं मी. चार माणसांत म्हणलं."

मी अगदी शेजारी उभी होते, म्हणून तिचं उत्तर मला ऐकू आलं. आवाज दबका होता, घरात माणसं असताना बोलतात तसा.

"आई, सासूबाई हायत हितं. पाव्हणं बसल्यात. मागनं बोलू."

"मागनं म्हणजे कवा?" आक्कांनी विचारलं. फोन बंद झाला होता.